एक घास डावीकडे

त्या तिघींचा नियम साधा होता. बशी समोर आली की एकच घास घ्यायचा आणि ती डावीकडे सरकवायची. कॉलेज संपल्यापासून वर्षातून एकदा एखादं शहर गाठायचं, शनिवार-रविवार तिथली गोडाची दुकानं पालथी घालायची आणि घरी आल्यावर वाढलेल्या वजनाचं खापर हवेवर फोडायचं, असा कार्यक्रम होता. गोल टेबलाशी हा नियम उत्तम चालायचा. त्या शनिवारी मात्र दुकानात गर्दी होती, आणि जागा मिळाली ती भिंतीला लागून असलेल्या लांब बाकावर.

लिंबाच्या टार्टची बशी तिघींतल्या वकीलणीकडून मास्तरणीकडे आणि मास्तरणीकडून तिसरीकडे आली. तिने घास घेतला. आणि तिचं लक्ष कुठे होतं देव जाणे—तिनेही बशी डावीकडे सरकवली.

डावीकडे एक चष्मेवाला तरुण आपल्या कॉफीची वाट बघत बसला होता. त्याने बशीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग शांतपणे चमचा उचलून एक घास खाल्ला. त्याच्या डावीकडे भिंत होती, म्हणून त्याने बशी परत तिच्याकडे सरकवली.

"छान आहे," तो म्हणाला. "मी लहानपणापासून इथे येतोय. इथे असं फुकट वाटतात हे माहीत नव्हतं."

"अहो, ते आमचं टार्ट होतं," वकीलीण वाकून म्हणाली.

"असेल. पण मी मागितलं नव्हतं. या बाईंनी दिलं."

"तू दिलंस?"

"सरकवलं गेलं," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला जाणवलं.

वकीलणीने जागच्या जागी खटला चालवला. आरोपी याच शहरातला असल्याचं आणि पलीकडच्या गल्लीतल्या चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासत असल्याचं निष्पन्न झालं. शनिवारी दुपारनंतर दुकान बंद होतं, म्हणजे पळवाटही नव्हती. दोन दिवस आम्हाला चांगली ठिकाणं दाखवायची, अशी शिक्षा झाली. ती ऐकताना आरोपीने वकीलणीकडे एकदाही पाहिलं नाही. तो बशी देणारीकडे बघत होता.

"आणि हिला नीट ओळखून ठेवा," मास्तरीण म्हणाली. "ही आमची जीभ. बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासते. हिच्या होकाराशिवाय एक पुडा बाहेर जात नाही."

हे खरं होतं. दिवसभर बिस्किटं खायची आणि वर पगार घ्यायचा, असं त्या नोकरीचं वर्णन नातेवाईक करत. मामा तर अजून दर भेटीत विचारायचे, "मग, खरी नोकरी कधी?" वास्तविक चवीचं निम्म्याहून जास्त काम नाकाचं असतं. जीभ बिचारी गोड, आंबट, कडू, खारट एवढंच सांगते. हे संत्रं आणि हा दालचिनीचा दाणा, हे नाक सांगतं. पण मुलीचं लग्न व्हायचंय हे लक्षात घेऊन मैत्रिणींनी तिचं नाव नाक न ठेवता जीभ ठेवलं होतं.

आणि ते नाक गेलं होतं. मागच्या महिन्यात साधी सर्दी झाली, ती बरी झाली, आणि जाताना वास घेऊन गेली. चहा म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे फेस. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मैत्रिणींना नाही, आईला नाही, साहेबांना तर मुळीच नाही. सोमवारी संत्र्याच्या नव्या बिस्किटाची परीक्षा होती आणि परीक्षकांच्या टेबलाशी पहिली खुर्ची तिची होती. त्या खुर्चीच्या भीतीवर आता दोन दिवस केक, कस्टर्ड, आइस्क्रीम रचायचं होतं.

तिने एक युक्ती काढली होती. सगळ्यात शेवटी बोलायचं. वकीलीण म्हणाली "वेलची जास्त झालीये," की आपण मान हलवून म्हणायचं, "जास्त नाही, पण आधी पुढे येते." लोक थक्क व्हायचे. तज्ज्ञपणाला एवढंच लागतं, हा नवाच शोध तिला लागला होता आणि त्याने ती जास्तच घाबरली होती.

दुसऱ्या दुकानात मैत्रिणी काचेच्या कपाटापाशी केक निवडत राहिल्या. चष्मेवाला दोन चमचे आणि आइस्क्रीमचा एक तपकिरी गोळा घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"घ्या," तो म्हणाला. "यांची कॉफी फार नावाजलेली आहे. कशी वाटली?"

तिने चमचा जिभेवर फिरवला. थंड, गोड, किंचित कडू. "हं... कॉफी जरा जास्त भाजलीये."

तो चष्मा काढून रुमालाने पुसत राहिला.

"काय झालं?"

"आमच्याकडे काही लोक तक्ता पाठ करून येतात," तो म्हणाला. "गाडीच्या परवान्यासाठी. भिंतीकडे न बघताच घडाघडा अक्षरं म्हणतात. मग मी दुसरा तक्ता लावतो."

"बरं, मग?"

"हे चॉकलेट आहे."

तिचा चमचा बशीवर आपटला. कपाटापाशी मास्तरीण कशाला तरी हसली, आणि ते आपल्यालाच हसणं आहे असं तिला क्षणभर वाटलं.

"सांगणार आहात त्यांना?" तिने विचारलं.

"मी कोण सांगणारा? मी तर तुमचं टार्ट खाणारा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कधीपासून?"

महिनाभर कुणी न विचारलेला प्रश्न होता तो. ती सांगत गेली—सर्दी, साबण, सोमवार. तो मध्ये एकदाही "होईल बरं" म्हणाला नाही. डॉक्टरांना दाखवलंत का, एवढंच त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. दाखवलं आणि ते "वास परत येणार नाही" म्हणाले तर?

"तसेही लोक येतात," तो म्हणाला. "एक डोळा झाकून ठेवतात आणि म्हणतात, दुसऱ्याने दिसतंय ना, तेवढाच तपासा."

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता?"

"नाही. बाकीच्यांकडे बघायची वेळ ठरलेली असते."

तिने हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फारसा जमला नाही.

रविवारी तो वेळेआधीच येऊन उभा होता, इस्त्री केलेल्या शर्टात. वकीलणीने शर्टाकडे पाहिलं, मग मास्तरणीकडे पाहिलं, आणि दोघींना रस्त्यातल्या प्रत्येक चपलांच्या दुकानाची काच अचानक बघण्यासारखी वाटू लागली. ती आणि तो पुढे चालत राहिले. प्रत्येक दुकानात तो पहिला घास घेई आणि बशी सरकवताना पुटपुटे, "बदाम. भाजलेला." किंवा, "गुलाब. पण कागदाचा." ती तेच जरा सुधारून मोठ्याने म्हणे. कधी बशी धरताना बोटाला बोट लागे, आणि तेवढ्यापुरती ती सोमवार विसरे. मग सोमवार आठवे, आणि बोटही नको वाटे. या माणसाला आपण आवडतोय, की आपलं गुपित?

शेवटचं दुकान एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. वकीलणीने आत शिरताच जिभेची कीर्ती गायली, आणि बाईंचा चेहरा उजळला. त्या आतून कस्टर्डच्या दोन वाट्या घेऊन आल्या.

"बरं झालं आलात, ताई. एकात जुना व्हॅनिला आहे, एकात नवा. नवा स्वस्त पडतो. मला हल्ली काही कळत नाही, आणि सून म्हणते सारखेच आहेत. तुम्ही सांगाल तो उद्यापासून आणीन."

दोन्ही वाट्या गोड, गार, मऊ होत्या. तिने पुन्हा एकेक चमचा घेतला. शेजारून चष्मेवाल्याने डाव्या वाटीजवळ टेबलावर बोट ठेवलं, अगदी सहज. दोन्हीतला पहिला चमचा त्यानेच घेतला होता, आणि त्याला कळलं होतं. फक्त "हा" म्हणायचं आणि निघायचं.

बाई पदराला हात पुसत वाट बघत होत्या.

"आजी, मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मला वास येत नाही. महिना झाला... कशाचाच येत नाही."

मास्तरीण हळूच म्हणाली, "म्हणून तू फोन उचलत नव्हतीस? आम्हाला वाटलं, आमचं काहीतरी चुकलं."

"आणि कालपासून माझीच मतं मला परत ऐकवतेस होय," वकीलीण म्हणाली. "तरीच म्हटलं, मी इतकं शहाणं कधीपासून बोलायला लागले." तिने मैत्रिणीला खांद्याला धरून जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बाईंनी त्याच वाट्या चष्मेवाल्यापुढे ठेवल्या. त्याने डावी वाटी दाखवली, मग घाईने म्हणाला, "पण आणखी दोघांना विचारा. माझं शिक्षण डोळ्यांचं आहे."

बाहेर फुटपाथवर तिने साहेबांना फोन लावला. पर्स त्याने धरली. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे नारळाची बिस्किटं पास केलीस ती...?"

"वास न येताच, सर."

"ती चांगली खपतायत," साहेब विचारात पडून म्हणाले. मग त्यांना आपण साहेब असल्याचं आठवलं. "उद्या टेबलावर बसू नकोस. नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा, काय म्हणतात ते कळव. नोकरीचं मग बघू."

फोन बंद झाला. 'मग बघू' हे जगातलं सगळ्यात लांबलचक वाक्य आहे असं तिला वाटलं.

मैत्रिणींची गाडी आधी होती. त्यांना निरोप देऊन दोघं बस-स्थानकाच्या तिकीट-खिडकीकडे वळली. तिच्या गावाच्या बसला थोडाच वेळ होता, आणि रांग हलत नव्हती.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"खूप. वास आलाच नाही तर मी कोण, हेच कळत नाहीये. तुम्हाला काय, तुम्ही आता सुटलात. पुटपुटायला नको."

"मीही घाबरलोय."

"तुम्ही कशाला?"

"तुमचं गुपित होतं तोवर मला काम होतं," तो रांगेकडे बघत म्हणाला. "आता नुसतं... तुमच्याजवळ उभं राहायचंय. त्याला काही निमित्त नाही. काल त्या बशीत काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. तुम्ही आत आलात तेव्हापासून तुमच्याकडेच बघत होतो. पुढ्यात टार्टच्या जागी खडू आला असता तरी खाल्ला असता."

रांग अखेर सरकली, आणि ती खिडकीपुढे आली.

"उद्या डॉक्टरांकडे..." ती म्हणाली आणि थांबली. "एकटीने जायचं म्हणजे... सोमवारी तुमचं दुकान बंद असतं?"

"नाही," तो म्हणाला. "उद्या असेल."

खिडकीतला माणूस कितीदा तरी विचारत होता, किती तिकिटं, ताई?

"दोन," ती म्हणाली.