काउंटरवरचा भाऊ

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आमच्या गावच्या दवाखान्यातून एकटीला घरी सोडत नाहीत. न्यायला आलेल्या माणसाने काउंटरवर तोंड दाखवायचं, मगच सुटका. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी थाप मारली.

“मुलगी खाली गाडीत बसलीय.”

“मग तिला वर बोलवा,” काउंटरवरची जाड चष्म्याची बाई म्हणाली.

मुलगी, म्हणजे क्रिस्टा, खाली नव्हती. ती होती दूर अ‍ॅरिझोनात, आणि तिला मी ऑपरेशनचं कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर तेच पालुपद – ‘आई, घर विक आणि माझ्याकडे ये. एकटीने राहायचं वय आहे का तुझं?’ माझा नवरा हार्लन गेल्यापासून मी तळ्याकाठच्या आमच्या घरात एकटी राहते. ते घर सोडायचं माझ्या मनातही नाही.

तर मी डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवून, मुखदुर्बळासारखी उभी. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक उंच माणूस उठला.

“पॉलेट, झालं का तुझं? किती वाट बघायची माणसाने?” आणि बाईकडे वळून, “मी हिचा भाऊ.”

नर्सने माझं नाव पुकारलेलं त्याने ऐकलं होतं, एवढीच आमची ओळख. लिफ्टमध्ये शिरताच तो एकदम सभ्य झाला.

“माफ करा हं. मी वेंडेल. डोळे तपासायला आलो होतो. पण तुमची थाप फारच कच्ची होती… बघवेना.”

“अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही, असं आईने बजावलंय मला.”

“कधी?”

“चौसष्ट साली.”

“मग मुदत संपली असेल आता,” तो म्हणाला.

मी बसले. बाहेर एप्रिलचा बारीक, गार पाऊस होता. त्याच्या जुन्या पिकअपमध्ये आमच्या तरुणपणीचं गाणं लागलं होतं आणि त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. बोलता बोलता जुन्या उघड्यावरच्या सिनेमाचा विषय निघाला. गाडीतच बसून बघायचा, आणि आवाजासाठी खिडकीला भोंगा अडकवायचा.

“मी एकदा तो भोंगा तसाच घेऊन घरी आलो,” तो म्हणाला, “वायरीसकट. शेजारी एक मुलगी बसली होती, दुसरं भान कुठलं?”

“ती काय म्हणाली?”

“पुन्हा आली नाही.”

मी इतकी हसले की डोळ्यावरची वाटी हलली.

पुढे डोळ्यात थेंब घालायचे होते. मला नेम धरता येईना, थेंब गालावर. मग तो सकाळी-संध्याकाळी यायला लागला. “वर बघा,” म्हणायचा आणि दोन बोटांनी हलकेच माझी हनुवटी उचलायचा. बोटांना साबणाचा आणि कॉफीचा वास. हार्लननंतर माझी हनुवटी कुणी धरली नव्हती… थेंब पडायच्या आधीच डोळा भरायचा.

नव्या डोळ्याने आधी स्वयंपाकघरातली धूळ दिसली, मग आरशातल्या सुरकुत्या.

“आता माझंही तोंड स्पष्ट दिसत असेल,” वेंडेल म्हणाला.

“दिसतंय ना.”

“मग?”

“दुसरा डोळा करून घ्यावा की नको, या विचारात पडलेय.”

शुक्रवारी आम्ही तळलेले मासे खायला जायचो, सगळं गावच जातं. आपल्या ताटातलं लिंबू तो न विचारता माझ्या ताटात ठेवायचा. एका दुपारी त्याने माझ्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून दिला, स्वतः लोंबकळून बघितला. हार्लनने अंगठी दिली होती, याने दांडा दिला. ज्या वयाचं जे.

आणि नेमकं क्रिस्टाशी फोनवर बोलताना ते दांड्याचं माझ्या तोंडून निसटलं, मग ऑपरेशनचं आणि पिकअपचंही.

“कोण वेंडेल?” क्रिस्टाचा आवाज चढला. “आई, असे लोक एकट्या बायका हेरतात. आधी गोड बोलतात, मग बँकेची चौकशी करतात. तू त्याच्या गाडीत बसलीस?”

जन्मभर आईचा धाक. तो संपला तोवर लेकीचा सुरू. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती स्वतः आली. बरोबर एक रिकामी बॅग, माझ्या कपड्यांसाठी. मी वेंडेलला सांगितलं, “उद्या येऊ नका… मुलगी आलीय.” त्याने थेंबांची बाटली टेबलावर ठेवली. “बरं,” म्हणाला.

दवाखान्यात जाड चष्म्याच्या बाईने मला लगेच ओळखलं. “आज भावाबरोबर मुलगीही? छान.”

“कुठला भाऊ?” क्रिस्टा म्हणाली. “आईला भाऊच नाही.”

बाईने बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर वेंडेल, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. चोर पकडल्यासारखा उठला. “मी नुसता बसायला आलो होतो… लांबच.”

“मग हे तुमचे कोण?” बाईने मलाच विचारलं.

क्रिस्टा बघत होती. या वेळी मी थाप मारली नाही.

“भाऊ नाही,” मी म्हटलं. “रोज दोनदा माझ्या डोळ्यात बघतो हा माणूस, आणि मला तो आवडतो. क्रिस्टा, मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. राग आला तर येऊ दे.”

वेंडेलचे कान लाल झाले. क्रिस्टाने काउंटरवरचा कागद ओढून न्यायला येणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. ऑपरेशन झाल्यावर तिनेच मला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालायला तीच बसली. पहिला थेंब नाकावर, दुसरा कानाकडे. तेवढ्यात दारात पिकअप थांबल्याचा आवाज आला. तिने उठून दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि बाटली त्याच्या हातात दिली.

“घाला तुम्हीच. माझी बॅग भरायचीय.” मग जिन्यावरून म्हणाली, “माझीच.”

तो समोर बसला. दोन बोटं हनुवटीखाली आली.

“वर बघ,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडेच बघत राहिले.