पाय न टेकता

सारिकानं सायकलवर काय काय लादलं होतं, त्याची यादी तिच्या फोनमध्ये ग्रॅमसकट होती. तंबू चौदाशे, अंथरूण-पांघरूण मिळून अकराशे, पाणी तीन लिटर, दोन ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा मिळून तीनशे दहा. बाई रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. तिच्या टेबलावरून जाणारा भाग केसाच्या जाडीइतका जरी चुकला तरी परत जायचा, मग सुपरवायझरनं कितीही तोंड वाकडं करू दे. स्वतःच्या सायकलीला ती वेगळा न्याय लावेल ही आशाच फुकट.

मार्चमधला शनिवार होता, होळी होऊन आठवडा झालेला. सकाळी ती कारेगावच्या खोलीला कुलूप लावून निघाली. न्हावऱ्यावरून पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, मग हायवेनं कासुर्डी, आणि तिथून दक्षिणेच्या डोंगरात शिरणारा गाडेघाट. वर तंबू टाकून रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी खुटबावला माहेरी जेवण, संध्याकाळी परत. सोबतीला कोणी नाही. कोणी नको म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता.

कारण गेल्या वर्षी याच घाटानं तिची फजिती केली होती. दोन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर घसरून तिच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून माणसं तिच्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागली. जड उचलू नको, जिना जपून चढ. सायकल तिनं त्याच रागात घेतली. पण गाडेघाटाच्या तिसऱ्या वळणावर गुडघ्यानं हात टेकले आणि सारिकानं पाय टेकला. धाकटा भाऊ सुदर्शन पिकअप घेऊन आला. झेंडूच्या क्रेटांवर सायकल आडवी घालून तिला खुटबावला नेलं, आणि वर्षभर ही गोष्ट येईल-जाईल त्याला मीठमसाला लावून सांगितली.

शेवटी दिवाळीत पैज लागली. या खेपेला घाटात पाय टेकला तर सायकल सुदर्शनच्या पोरीला, अक्षदाला. आणि न टेकता चढली, तर सुदर्शन सगळ्या वस्तीसमोर बहिणीला हार घालणार आणि पुन्हा पिकअपचं नाव काढणार नाही. सायकल गेली असती तर सारिकाला वाईट वाटलंच असतं. पण त्याहून मोठी भीती ही होती, की मग सगळ्यांचं ते हळू आवाजातलं बोलणं खरं ठरलं असतं.

दुपारचं ऊन तिनं चौफुल्याजवळ एका आंब्याखाली काढलं. मोहोर गळत होता, गुऱ्हाळांचा गोड धुरकट वास रस्ताभर होता. चारच्या पुढं ती घाटाच्या पायथ्याशी पोचली. तिथं एक रसवंती होती, आणि तिची मालकीण भामाबाई उसाच्या चिपाडांवर पाणी मारत बसली होती. तिनं सायकल पाहिली, मागंपुढं बांधलेल्या पिशव्या पाहिल्या, आणि एकटीच का म्हणून विचारलं. सारिका हो म्हणाली.

"जा मग," भामाबाई म्हणाली. "उन्हं कलल्यावर चढाला कुनीतरी हात लावतंच."

सारिकाला वाटलं, गुराखी वगैरे असतील. तिनं सांगितलं की तिला हात लावून घ्यायचा नाही, स्वतःच चढायचंय. भामाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं, आणि ग्लास विसळायला घेतला.

घाट जुना. एकेकाळी बैलगाड्या जायच्या, आता डांबर अर्ध्यावर उखडलेलं. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, पानं नाहीत, नुसती केशरी फुलं. पहिलं वळण तिनं हसत काढलं. दुसऱ्याला हसू गेलं. हँडलवरच्या मीटरमध्ये वेग, चढ आणि छातीला बांधलेल्या पट्ट्यावरून नाडीचे ठोके दिसत होते. तिसऱ्या वळणाआधी चढ अकरा टक्के, वेग पाच, ठोके एकशे अठ्ठ्याहत्तर. शेवटचा गिअर केव्हाच संपला होता. गुडघ्यात गेल्या वर्षीसारखीच कळ आली, बरोबर त्याच जागी. पुढचं चाक डावी-उजवी डुलायला लागलं. तिनं उजवा पाय पेडलवरून उचलला.

तो खाली यायच्या आत सायकल हलकी झाली.

हलकी म्हणजे कशी, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. मागून वारा येतो तसं नव्हतं. सीटच्या मागं, बरोबर पिशवी बांधली होती तिथं, काहीतरी टेकलं आणि पुढं सरकलं. पाय आपोआप पेडलवर परत गेला. वेग सात झाला, नऊ झाला. ठोके उतरायला लागले. एकशे साठ, एकशे एकेचाळीस, एकशे बावीस. अकरा टक्के चढावर माणसाची नाडी उतरत नाही. पट्टा घामानं सरकला असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

हँडलच्या टोकाला छोटा आरसा होता. त्यात रस्ता रिकामा होता.

चौथ्या वळणाला तिला श्वास ऐकू आला. आपला नाही, हे समजायला वेळ लागला, कारण तो तिच्या पेडलच्या लयीतच चालला होता. चार-पाच जणांनी एकदम जोर लावावा तसा, मध्ये थांबून, परत. खडीवर तळवे घासल्याचा आवाज. घामाचा आणि कडब्याचा वास. तिला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला आनंद होत होता. गुडघा दुखत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला आपला पाय आठवत नव्हता.

पाय न टेकता सारिका गाडेघाटाच्या माथ्यावर आली.

वर मोकळं पठार होतं, आणि खाली अख्खा मुलूख. हायवेवरचे ट्रक, उसाचे हिरवे चौकोन, लांबवर भीमेची रेघ. ती ओरडली. गळा फाटेपर्यंत, तीनदा. आपलंच नाव घेऊन ओरडली, कारण दुसरं काय ओरडावं ते सुचलं नाही. सायकल मात्र सपाटीवरही जातच होती, पाय थांबवले तरी. दोन्ही ब्रेक करकचून दाबले तेव्हा कुठं उभी राहिली, आणि उभी राहिल्यावरही ब्रेक सोडवेनात. पठार दिसायला सपाट असलं तरी उतार असतो, असं सारिका स्वतःशी मोठ्यानं म्हणाली.

काळ्या खडकात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या होत्या, वीतभर खोल. त्यांच्या पलीकडं मातीचा तुकडा बघून तिनं तंबू ठोकला. भाकरी खाल्ली. सुदर्शनला मीटरवरच्या घाटापुरत्या नोंदीचा फोटो पाठवला, त्यात थांबलेला वेळ शून्य होता. त्याचं उत्तर आलं, हाराला झेंडू तोडून ठेवतो. ती एकटीच खुदुखुदु हसली आणि अंधार पडताच झोपली. तंबूची घाटाकडची बाजू तेवढी आत दबलेली होती. वारा नव्हता. तिनं कूस बदलली.

सकाळी ती बाहेर आली, आणि नोकरीची सवय म्हणून आधी खुंट्या तपासल्या. खुंट्या होत्या, पण प्रत्येकीमागं मातीत एक सरळ ओरखडा होता. तंबू तिच्यासकट घाटापासून लांब सरकला होता. तिनं पिशवीतली स्टीलची पट्टी काढून मोजलं. चारही खुंट्यांना सोळा सेंटिमीटर, एका मिलिमीटरचा फरक नाही. इतकं चोख काम कंपनीतसुद्धा होत नाही. सारिकानं पट्टी पुसली, आवरलं आणि निघाली.

पठारावरून वळसा घालून ती यवतला उतरली आणि खुटबावच्या रस्त्याला लागली. वारा तोंडावर होता. मीटर तेहतीस दाखवत होतं आणि ती पेडल मारल्यासारखं करत होती. एका मोटरसायकलवाल्यानं तिच्या बरोबरीनं येऊन खाली वाकून बघितलं, बॅटरी कुठं दिसते का म्हणून. दिसली नाही तेव्हा त्यानं अंगठा दाखवला. सारिकानं त्याला मागं टाकलं.

वस्तीवर पन्नासेक माणूस जमलं होतं. सुदर्शननं कबूल केल्याप्रमाणं पिवळ्या झेंडूचा गुडघ्यापर्यंत येणारा हार घातला, सायकललाही एक घातला, आणि "माझी भन घाटाला भारी पडली," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं धुळीवर ढकललं. राजश्रीवहिनीनं ओवाळलं. अक्षदा आत्याला म्हणाली की मला तुमची सायकल नको, मला तुमच्याबरोबर न्या. सारिकाला रडू फुटलं आणि तिनं ते फुटू दिलं. तिच्याशी आज कोणीही हळू आवाजात बोलत नव्हतं.

जेवायला ती हौशीराम आबांशेजारी बसली. आबा म्हणजे तिच्या आज्याचे धाकटे भाऊ, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी गूळ लादून त्यांनी गाडेघाटातून गाड्या काढल्या होत्या. जेवता जेवता ते सांगायला लागले. पायथ्याला तेव्हा एक वाडी होती. भरली गाडी बैलांना ओढवायची नाही, मग वाडीची माणसं मागून रेटा लावायची. मोबदला म्हणून गुळाचा खडा आणि भाकरी. गाडीच्या मागच्या फळीला खांदा द्यायचा, मान खाली घालायची आणि रेटायचं.

"मान खाली, तवा वर आलं ह्ये त्यांना दिसायचं न्हाई," आबा म्हणाले. "म्हनून माथ्यावर आलं की गाडीवानानं वळून 'बास' म्हनायचं. मग ती खांदा काढायची. तू म्हनलीस का?"

ताटं वाजत होती. समोर सुदर्शन कोणाला तरी तिसऱ्या वळणाची गोष्ट सांगत होता, या खेपेला उलटी. सारिकाच्या गळ्यात हार होता. तो शब्द तिच्या जिभेवर आला, तिथंच, आमटीच्या घासाबरोबर. म्हणून टाकायला काय लागत होतं? पण म्हटला असता तर चढ तिचा राहिला नसता. तिसऱ्या वळणावर तिनं पाय उचलला होता, हे मग तिला स्वतःपासून लपवता आलं नसतं. टेबलावरून आयुष्यभर लोकांचे भाग परत पाठवणाऱ्या सारिकानं हा एक भाग पास केला.

"मला कुनी रेटलं न्हाई, आबा," ती म्हणाली. "मी चढले."

आबांनी मान हलवली. मग बरं हाय, म्हणाले.

थोड्या वेळानं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, एखादा न म्हणताच गेला तर?

"कोन जातंय न म्हनता," आबा म्हणाले, आणि ताटात हात धुतला.

चारला ती निघाली. सुदर्शननं पिकअपनं सोडतो असं चुकूनही म्हटलं नाही. पारगावचा पूल, न्हावरे, वाटेतले सगळे चढ तिनं गाणं म्हणत काढले. कारेगावच्या कमानीखाली पोचली तेव्हा दिवस मावळला नव्हता. दोन दिवसांत एकशे चाळीसवर किलोमीटर, घाट आणि मुक्कामासकट, आणि पाय ताजे. तिला वाटलं, पुढच्या महिन्यात महाबळेश्वर. मग तिथून खाली कोकणात. तिला कुठंही जाता येणार होतं.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. गेली दोन वर्षं ती एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठडा धरून जिना चढायची. आज तिनं सायकल खांद्यावर घेतली आणि कठड्याला हातही न लावता, दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. खालच्या मजल्यावरची बाई बघत राहिली.

दारापाशी तिनं सायकल भिंतीला टेकवली. किल्ली काढली. कुलूप निघालं.

तिचं कपाळ जाळीच्या दाराला लागलं. मग गाल लागला. लोखंड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होतं. हातातली किल्ली छाती आणि दार यांच्यामध्ये अडकली. पाठीमागं कोणीतरी दमानं, एका लयीत श्वास घेत होतं.

जाळीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. त्यासाठी सारिकाला फक्त एक पाऊल मागं यायचं होतं.