राखेचे चार वाटे

मुदखेडच्या पुढे बरड माळावर जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायची एक भट्टी होती. भट्टी बंद पडली, मालक निघून गेला, शेडमध्ये राखेचा ढीग तेवढा राहिला. ती राख विषारी की साधी, एवढंच डॉक्टर वैजनाथरावांना ठरवायचं होतं. विषारी निघाली तर बंद ट्रकमधून दूरच्या, अस्तर घातलेल्या खड्ड्यात जाणार. साधी निघाली तर शेडमागच्या उघड्या खड्ड्यात. त्या खड्ड्याच्या उतारालाच राखणदार ग्यानोबाचं घर होतं, आणि दारात बोअर.

वैजनाथराव नांदेडला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता त्यांचाच विद्यार्थी आदिनाथ याच्या प्रयोगशाळेसाठी नमुने आणत. दाराला कुलूप घातल्यावर परत येऊन ते ओढून बघणारा हा माणूस. तराजूवर विश्वास ठेवील, स्वतःच्या हातावर नाही.

ग्यानोबा बाजाराला गेला होता, म्हणून त्या दुपारी शेड उघडली ती त्याच्या बायकोनं, सुभद्राबाईनं. वर पत्रे उन्हानं तडकत होते. आंबट, जळका वास घशात उतरत होता.

वैजनाथरावांनी ताडपत्री अंथरली. ढिगातून जागजागची राख आणून तिचा छोटा ढीग केला, वरून चेपून चपटा केला आणि फळीनं चार वाटे पाडले. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. असं केलं म्हणजे मूठभर नमुन्यात अख्खा ढीग येतो, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं.

"असं पसरून का बसले सर? कोण गेलं तुमच्या घरचं?" उंबऱ्यावरून सुभद्राबाई हसली.

माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून वर डालं झाकतात आणि सकाळी कुणाचं पाऊल उमटलं ते बघतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"गेलं कुणी नाही, बाई. नमुना घेतोय."

"घ्या. पण खरं लिवा. आमची नातवंडं ह्याच बोरचं पाणी पिऊन राहिलीत."

ते पिशवी उघडायला वळले. परत पाहिलं तर टाकायच्या एका वाट्यात पाऊल उमटलं होतं. अनवाणी. टाच खोल, पाचही बोटं स्पष्ट.

त्यांच्या पायात बूट होते. सुभद्राबाई उंबऱ्यापलीकडे, पायात चप्पल.

आपलंच काही चुकलं असेल... त्यांनी सगळी राख पुन्हा एक केली, पुन्हा वाटे पाडले, आणि या वेळी मघा ज्या बाजूचे टाकणार होते ते दोन ठेवायचे ठरवले. पिशवीकडे हात नेला, मान वळवली. आता पाऊल दुसऱ्या बाजूला होतं. पुन्हा टाकायच्याच वाट्यात.

तिसऱ्यांदा त्यांनी हात हलवला नाही, नजरही नाही. नुसतं मनात ठरवलं. क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा जे दोन वाटे मनात टाकले होते, त्या दोन्हींत पावलं होती. ठेवायची राख जशीच्या तशी, गुळगुळीत.

राखेत जे होतं ते नमुन्यात यायला तयार नव्हतं.

"मग काहीच टाकत नाही," ते पुटपुटले आणि ताडपत्रीवरची सगळी राख ओंजळी भरभरून पिशवीत कोंबू लागले. शेवटची ओंजळ भरली, तेव्हा मागे जमिनीवर काहीतरी हलकेच घासलं. ताडपत्रीपासून दारापर्यंत राखाडी पावलं गेली होती. उंबरा ओलांडून, उताराकडे.

"बाई... आत्ता बाहेर कोण गेलं?"

"कुनीच न्हाई की. मी हितंच हाय." ती त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "ऊन लागलं का सर?"

चार दिवसांनी आदिनाथचा फोन आला. "सर, आम्लाच्या पाण्यात दिवसभर घुसळली राख. पाण्यात शिसं उतरलंच नाही. मशीन दोनदा तपासलं. म्हणजे राख साधी. अहवाल पोचला असेल, सही करून टाका."

"अरे, शिशाच्या भट्टीची राख ही. शिसं नाही असं कसं होईल?"

"मग काय लिहू सर? तुमचाच नमुना आहे."

पाऊल दिसलं असं वैजनाथराव लिहिणार होते का? कदाचित दिसलंही नसेल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ग्यानोबाच्या नंबरवर फोन लावला. सुभद्राबाईनं उचलला.

"बाई, राख हलवली का कुणी?"

"न्हाई सर. मूठभर बी न्हाई. कुलूप हाय तसं हाय."

त्यांना हायसं वाटलं. "बोअरचं पाणी ठीक आहे ना?"

"आवो, लई गोड झालंय! तुमी गेल्यापासून. साखर घातल्यावानी. लेकरं तर तोंडच काढीनात. पाव्हने बी कॅन भरून हदगावला घेऊन गेले."

शिशाचे क्षार गोड लागतात. हे वाक्य त्यांनी दरवर्षी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. आता सही केली काय, न केली काय, टेबलावरच्या कागदाला काही अर्थ उरला नव्हता.

"पिऊ नका," ते म्हणाले. "बाई, ऐका... कुणालाच पिऊ देऊ नका."

तेवढ्यात पलीकडून त्यांना ऐकू आलं. फोनच्या अगदी जवळ कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं. थांबत नव्हतं.

"कोण पितंय ते? आधी तांब्या काढून घ्या त्याच्याकडून."

"कोन पिनार सर?" सुभद्राबाईचा आवाज बारीक झाला. "समदे शेताला गेलेत. घरात मी एकलीच हाय..."