कोरे गमबूट

"मी माझ्याच भाचीला विष घालीन का हो?" वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई डोळे पुसत म्हणाली. तीन आठवड्यांपूर्वी एकोणीस मुलींना जुलाब झाले. बाकीच्या बऱ्या झाल्या, पण भाचीच्या पायांतलं बळच गेलं. शनिवारी चौकशी समिती बसणार होती आणि स्वयंपाकीणबाईची नोकरी जाणार हे उघड होतं.

"चिकन शिजलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गुराढोरांची डॉक्टरकी सोडून त्या खाजगी तपासाच्या धंद्यात आल्या होत्या.

"हाडापासून सुटेपर्यंत. मग कच्चं चिकन कापलेली फळी पुसली आणि तिच्यावरच काकडी चिरली. कोंबड्या जंतुमुक्त आहेत. फार्मवाल्यांचा दर महिन्याला विष्ठा तपासल्याचा तसा कागद येतो."

फार्मवर बाईंचा जुना कंपाउंडर नाकाला रुमाल लावूनच शेडमध्ये शिरला. डोळे झोंबत होते, पायाखाली ओला भुसा पचपचत होता. शेडवाल्या नानांनी बाहीवरची विष्ठा बोटाने निपटली आणि त्याच हाताने बिस्किट तोंडात टाकलं. कंपाउंडरने तोंड फिरवलं.

"कोंबड्या ठणठणीत आहेत. इथे वेळ कशाला घालवायचा?" तो म्हणाला.

बाई सहा कोंबड्यांचं रक्त काढत होत्या. "विष्ठेचे नमुने कोण नेतं, नाना?"

"साहेब. कधी येऊन जातात, पत्ता लागत नाही. मी तर दिवसभर इथेच असतो."

साहेब, म्हणजे फार्मचे व्यवस्थापक, अत्तर लावून कचेरीत बसले होते. त्यांनी मागच्या महिन्याच्या नमुन्याची बाटली दाखवली. तळाशी तुरीच्या दाण्याएवढे गोळे होते. दाराशी प्रत्येकाच्या नावाचे गमबूट होते, पिल्लांच्या खोलीसाठी पांढरे, शेडसाठी काळे. साहेबांचे पांढरे मळले होते. काळ्यांत दुकानातला कागद तसाच कोंबलेला होता.

शनिवारी बाई समितीपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनाही बोलावलं होतं.

"कोंबड्यांच्या रक्तात जुलाबाच्या या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, भरपूर आहेत. म्हणजे जंतू बरेच दिवस मुक्कामाला आहेत."

"मग त्या आजारी कशा नाहीत?" कंपाउंडरने विचारलं.

"कोंबडीचं शरीर जंतूला ओळखतं, पण हाकलत नाही. भाडेकरू म्हणून ठेवतं. माणसाचं चवताळतं, आणि क्वचित आपल्याच नसांवर तुटून पडतं. म्हणून भाचीचे पाय गेले. आता, जंतू पोटात असताना विष्ठा स्वच्छ कशी? कारण ती शेडमधल्या कोंबड्यांची नव्हतीच. सहा आठवड्यांची कोंबडी तुरीएवढी विष्ठा टाकत नाही, आठवड्याचं पिल्लू टाकतं. त्याला आईकडून मिळालेलं संरक्षण असतं, जंतू सहसा नसतात. आणि साहेब, तुमचे काळे बूट कोरे आहेत."

शेवटी साहेब म्हणाले, "आत गेलो की उलटी होते मला. किळस येते. पिल्लांची खोली जरा कोरडी असते."

कंपाउंडरने हातातला रुमाल खिशात टाकला. त्याला साहेबांचा राग आला होता, आणि तरी त्यांचं म्हणणं नेमकं कळलं होतं. त्याला स्वतःचीच किळस वाटली.

"म्हणजे मी सुटले," स्वयंपाकीणबाई म्हणाली.

"नोकरी वाचेल. पण फळीचंही मी लिहिलंय. चिकन शिजलं, काकडी नाही शिजली."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "आधी फळी रोज कढत पाण्याने घासायचे. कागद यायला लागला आणि सोडलं." मग हळूच म्हणाली, "पोरीला काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच," बाई म्हणाल्या.