टाकीखालच्या एकेचाळीस भेटी

"तेजश्रीताई बोलतेत का? मी मालन, खडकवस्तीची आशा. तुमच्या ॲपनं मला खोटारडी ठरवलंय. आज चार वाजता मला काढून टाकतेत. येता का?"

तेजश्री बीडच्या लॉजवर पोहे खात होती. आशाताई घरोघर जाऊन गरोदर बायांची, तान्ह्या बाळांची विचारपूस करतात, त्याची नोंद ठेवणारं ॲप तिनं पुण्यात बसून बनवलं होतं. आठवड्याभरात ते सगळ्या जिल्ह्यात लागू व्हायचं होतं. पोहे तिथंच राहिले.

जीपमध्ये तिनं लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. मालनबाईच्या जानेवारीतल्या एकेचाळीस भेटी, आणि सगळ्यांची जागा एकच: गावची पाण्याची टाकी. वेळही रोज सायंकाळी सहाच्या आसपासची. एका दिवशी तर सात मिनिटांत नऊ घरं! कुणीही म्हणेल, बाई टाकीखाली बसून नोंदी ठोकून देते.

चौसाळ्यापासून आत सहा किलोमीटरवर खडकवस्ती. मालनबाई फाट्यावरच उभी होती. वय चाळिशीचं, पायात झिजलेल्या चपला, डोळे रडून सुजलेले.

"चहा नंतर. आधी माझ्यासंगं चला."

तिनं पहिल्या घराचं दार ओढलं. दारामागं मालनबाईनं भेटीगणिक खडूनं लिहिलेल्या तारखा होत्या. दुसऱ्या घरात तसंच, तिसऱ्यातही. तेजश्रीनं अकरा घरं पाहिली. तारखा मालनबाईच्या वहीशी बरोब्बर जुळत होत्या. एका बाळंतिणीनं तर आतूनच सांगितलं, "मालनकाकू आल्याबिगर माझा दिस जात न्हाई."

"मग ॲपमध्ये टाकीच का दिसते?" तेजश्रीनं विचारलं.

"आता काय सांगू! इथं रेंज हाय का? तुमचं ॲप रेंजबिगर उघडतच न्हाई. दिसभर वहीत लिवते अन् सांजच्याला टाकीपाशी जाऊन समदं चढवते. तिथंच रेंजच्या दोन कांड्या येतेत."

नोंद जिथून चढेल तीच भेटीची जागा, हे तेजश्रीनंच ठरवलं होतं.

"हे चाचणीच्या बैठकीत का नाही बोललात?"

"कसली बैठक?"

तेजश्रीनं अहवाल दाखवला. १९ डिसेंबर, दुपारी बारा, खडकवस्ती शाळा. आसपासच्या वस्त्यांवरच्या चौदा आशाताई हजर. अडचणी: काही नाहीत. खाली चौदा सह्या.

"ही सही तुमची?"

"माझीच हाय की."

"मग बैठक झाली."

"न्हाई झाली!"

"मालनबाई, सही तुमची आणि बैठक झाली नाही, हे कसं?"

"मला काय म्हाईत! पण लेकराची शपथ, न्हाई झाली."

खडूच्या तारखा खऱ्या, मग ही बाई सहीबद्दल का फसवेल? दोघी ज्वारीच्या रानातून परत निघाल्या. बांधाजवळ कडब्याची एक छोटी खोप उभी होती.

"ही कसली?"

"येळवशीची. काढायची राहिली. मार्गशीर्षातल्या अवसेला खोपीत पूजा असती. भज्जी, आंबील, लई मजा. त्या दिशी गावाला कुलूप लागतं. हॉटेल बंद, शाळा बंद, समदे रानात."

तेजश्रीनं मोबाईलमध्ये काहीतरी पाहिलं आणि थांबली.

"हा फोन तुम्हाला कुणी दिला?"

"पंडित सरांनी. चौसाळ्याला बोलावून. फोन मिळाल्याच्या सह्या बी घेतल्या तवा."

"कागदावर वर काय लिहिलं होतं?"

"काय बी नव्हतं. कोराच होता."

साडेतीनला सगळे बीडला तालुका आरोग्य कार्यालयात जमले. मालनबाईवर निर्णय घ्यायचा होता तालुका आरोग्य अधिकारी डॉ. विजयमाला यांनी. शेजारी समन्वयक पंडित बसला होता. मूळचा नगरकडचा, चार महिन्यांपूर्वीच इकडं आलेला. नऊ गावांत ॲपची चाचणी घ्यायची जबाबदारी त्याचीच.

"पंडित सर, खडकवस्तीची बैठक तुम्ही स्वतः घेतली?" तेजश्रीनं विचारलं.

"अर्थात."

"कुठं बसला होतात?"

"शाळेत. पोरं सुट्टीत बाहेर खेळत होती."

"चहा?"

"समोरच्या हॉटेलातून मागवला. चौदा कप."

"दिवस नक्की एकोणीस डिसेंबरच?"

"अहो, अहवालात लिहिलंय ना!"

मालनबाईनं चटकन डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांचा पेन हातातच राहिला. त्या अंबाजोगाईकडच्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

"पंडित," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकोणीसला येळवस होती, वेळ अमावस्या. मी स्वतः दिवसभर भावाच्या शेतात होते. त्या गावात तुम्हाला चहा दिला कुणी?"

पंडितनं अहवाल पुढ्यात ओढून तारीख पुन्हा वाचली.

तेजश्री उभी राहिली. "सह्या खऱ्याच आहेत, मॅडम. फोन वाटताना कोऱ्या कागदावर घेतलेल्या. वरचा मजकूर यांनी नंतर लिहिला आणि कॅलेंडरवरची एक तारीख टाकली. सण ठाऊक नव्हता, म्हणून नेमकी तीच सापडली. हे त्या गावात गेलेच नाहीत. गेले असते तर मालनबाईंनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की इथं रेंज नाही."

"नऊ गावं होती!" पंडित ओरडला. "चार दिवसांत कुठं कुठं जाऊ? तेलगाव, माजलगावला गेलो मी. तिथं चाललं नीट, म्हटलं इथंही चालेल."

"त्यापायी माझं नाव खराब केलं व्हय?" मालनबाईचा आवाज फुटला. "बारा वर्सं झाली ह्या कामाला. माझ्या लेकींनी गावात मान खाली घालायची का?"

डॉक्टरांनी मालनबाईला काढायचा समोरचा आदेश फाडला आणि पंडितला बाहेर थांबायला सांगितलं.

"सुटलात, मालनबाई," त्या म्हणाल्या.

"अजून एक जण राहिलंय, मॅडम," तेजश्री म्हणाली. "'अडचणी: काही नाहीत.' नऊ गावांचे नऊ अहवाल आले आणि नऊही ठिकाणी हेच वाक्य. मी वाचून खूश झाले. खडकवस्तीला जायला मला एक फोन लागला. चूक माझीपण आहे."

मालनबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मग आता ऐकणार का माझं?"

"ऐकते."

"न्हाई, तसं न्हाई. ते मिटा अन् लिवून घ्या."

तेजश्रीनं लॅपटॉप बंद केला आणि मालनबाईचीच वही पुढं ओढली. मागच्या कोऱ्या पानावर तिनं लिहिलं: अडचणी. मालनबाई सांगत गेली. तेजश्रीची सव्वापाचची पुण्याची गाडी निघून गेली, तेव्हा सतरावी अडचण चालू होती.