घोरपडीला लागलेलं कुंकू

बोहनीच्या वेळी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हा उल्हासनगर कॅम्प एकमधल्या दुकानदारांचा पक्का नेम. मग एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं आली आणि दोघांना एकच वस्तू हवी असली तर? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे असतं. राजसीला ते एका सकाळी मिळालं.

जुन्या ड्रिल मशीनचे सुटे भाग विकणारं टीचभर दुकान होतं ते. शेठने नुकतीच उदबत्ती लावली होती. काउंटरवर अगदी एकसारख्या दोन मोटरी होत्या. त्यांच्यासाठी राजसीने चार दुकानं पालथी घातली होती. तिने हात पुढे केला, आणि पलीकडूनही एक हात आला... लांब बोटांचा, अंगठ्यावर चटक्याचा डाग असलेला.

"ओ, मी आधी आले."

"आलात खऱ्या. पण हात माझा आधी पोचला."

"दुकानात माणूस पायांनी येतो, हातांनी नाही."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल जरा जास्तच वर जायचा. राजसीने ते पाहिलं, आणि आपण पाहिलं याचाच तिला राग आला.

"देखो साईं, बोहनी का टाइम है, किटकिट नहीं," शेठ म्हणाला. "दोनों मेरे ग्राहक. किसी को ना नहीं बोलूंगा. एक इसको, एक तुमको."

"शेठजी, एक का मैं करूंगी क्या?"

"वो मैं क्या जानूं?" असं म्हणून शेठने दोन मोटरी दोन पिशव्यांत घातल्या आणि आलेले पैसे कपाळाला लावले. विषय संपला!

दोघं बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिली. गल्लीत हातगाडीवर दाल-पकवान विकलं जात होतं, तळणाचा खमंग वास सुटला होता.

"रोबो का?" त्याने विचारलं.

"हो. लढायचा."

"अंबरनाथला? दसऱ्यानंतर आहे ती कॉम्पिटिशन?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. माझाही लढायचाच होता. आता दोघांकडे एकेक मोटर. एका चाकाने जाणार कुठे? जागच्या जागी फुगडी घालणार."

राजसीला हसू आलं ते तिने दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. तो अंबरनाथचा, नाव सम्यक, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. ती बदलापूरची, कुळगावातली, मेकॅनिकलची. पकवान खाताना एवढं कळलं. शेवटचा तुकडा उरला तेव्हा तो म्हणाला, "मिळून एकच करायचा?"

"एका अटीवर," ती चटकन म्हणाली. "रिंगमध्ये रिमोट माझ्या हातात. काहीही झालं तरी."

ही अट उगाच नव्हती. कॉलेजच्या टीममध्ये दोन वर्षं तिने पत्रे कापले, चाकं बसवली, बोटं सोलवटून घेतली. पण लढायची वेळ आली की कॅप्टन अमित रिमोट उचलायचा. "तू टेन्शन घेशील गं. मी बघतो." वाईट नव्हता तो, पण दर वेळी तोच बघायचा. शेवटी राजसीने टीम सोडली. आपल्या हाताने केलेलं यंत्र एकदा तरी आपल्या हाताने लढवायचं, बस्स, एवढंच तिला हवं होतं.

"कबूल," सम्यक म्हणाला. "पण वायरिंग माझं."

"आणि भांडणं?"

"ती अर्धी-अर्धी!"

कुळगावच्या घराच्या पडवीत काम सुरू झालं. परतीचा पाऊस रोज संध्याकाळी पत्र्यावर ताशा वाजवून जायचा. रोबो बसका आणि रुंद झाला, पुढे जमिनीला घासणारं पोलादी पातं, म्हणून राजसीने त्याचं नाव ठेवलं घोरपड. पात्याने समोरच्याला उचलायचं आणि ढकलत भिंतीवर नेऊन आपटायचं, एवढाच तिचा डाव. जुन्या मोटरींच्या दोन्ही वायरी काळ्याच, प्लस-मायनस कळायचं कसं? राजसीने आपलं लाल नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक मोटरच्या प्लसच्या टोकावर एकेक ठिपका दिला.

"वा! घोरपडीचा मेकअप झाला," सम्यक म्हणाला.

"तुझाही करून देऊ?"

त्याने खरंच करंगळी पुढे केली. तिने मान खाली घालून नखावर ठिपका दिला. हात तिच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला... आणि पाऊस उगाच जोरात आला.

राजसीची आई द्रौपदीबाई चहा घेऊन आल्या. "यंत्र तर मुकं आहे, मग एवढी बडबड कसली चालते गं?"

"काकू, ती मला रागावते," सम्यक म्हणाला.

"रागवू दे. ज्याच्यावर रागवायचं नसतं त्याच्याशी ती बोलतच नाही."

राजसी कानापर्यंत लाल झाली. आयांना घरातल्या गोष्टी चारचौघांत सांगायची कोण हौस असते! पण आई खोटं बोलली नव्हती. सम्यक ज्या दिवशी यायचा नाही, त्या दिवशी पडवी सुनी सुनी वाटायची आणि राजसी विनाकारण स्क्रू मोजत बसायची. आपण त्याच्या प्रेमात पडलोय, हे तिला केव्हाच समजलं होतं. बोलायची मात्र छाती होत नव्हती. स्पर्धेआधी बोललं आणि बिनसलं, तर रोबोही जायचा आणि तोही.

खंडेनवमी आली. द्रौपदीबाईंनी कोयता, विळी, पाना-पक्कड, बाबांची स्कूटर अशी सगळी आयुधं धुऊन पुसून मांडली. शेजारी घोरपडही बसली.

"झाकण काढ तिचं," त्या म्हणाल्या. "वरच्या वर काय पूजा करायची? जे काम करतं त्याला कुंकू नको?"

मग आतल्या मोटरींना कुंकवाची बोटं लागली, वरून अक्षता पडल्या, झेंडूचं फूल बसलं. आणि हुकूम सुटला की आज आणि उद्या दसऱ्याला यंत्राला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. राजसी चडफडली. शेवटची चाचणी राहिली होती. पण खंडेनवमीला आईपुढे बोलायची बाबांचीही टाप नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धा. कॉलेजच्या हॉलमध्ये जाड पारदर्शक भिंतींचा चौकोनी पिंजरा उभा केला होता. पहिलीच लढत लागली ती अमितच्या रोबोशी. लढतीआधी टेबलावर रिमोट चालू केला, तर उजवं चाक फिरलं आणि डावं ढिम्म!

सम्यकने झाकण उघडलं, मोटर बाहेर काढली. गिअरच्या दातांत तांदळाचा दाणा घट्ट रुतून बसला होता.

"काकूंचा आशीर्वाद," तो गंभीरपणे म्हणाला.

"हसवू नकोस, नाव पुकारतायत!"

दाणा निघाला. ओढाताणीत मोटरच्या दोन्ही वायरी निसटल्या होत्या. सम्यकने लाल ठिपक्याचं टोक शोधलं, भराभर सोल्डरिंग केलं, झाकण लावलं. दोघं धावतच पिंजऱ्याशी गेली.

शिट्टी झाली. राजसीने रिमोटची काडी पुढे ढकलली. पुढे जायचं सोडून घोरपड जागच्या जागी गरगर फिरायला लागली. हॉलमध्ये हशा पिकला.

सम्यकचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला एका क्षणात उमगलं. ठिपके दोन होते, एक नेलपॉलिशचा, एक कुंकवाचा! त्याने कुंकवाच्या टोकाला प्लस जोडला होता. डावी मोटर उलटी फिरत होती.

"राजसी, काडी..." त्याचा हात रिमोटकडे आला. अगदी जवळ आला.

तिने पाहिलं. म्हणजे हाही?

आणि तो हात थांबला. मागे गेला. सम्यकने दोन्ही हात पाठीमागे बांधले, ओठ मिटले आणि तो नुसता उभा राहिला.

राजसीने श्वास घेतला. एक मोटर उलटी... पुढे ढकललं की फिरते. मग वळवलं तर? तिने काडी डावीकडे नेली, आणि घोरपड सुसाट सरळ निघाली!

पुढचा खेळ बघण्यासारखा होता. अमितचा रोबो अंगावर आला की राजसी काडी पुढे ढकलायची आणि घोरपड गरगर फिरून पात्याने त्याला झोडपायची. तो वळला की काडी बाजूला, की हिची सरळ मुसंडी. अमितला काही समजेना, ही चालवते तरी कशी! शेवटी पातं बरोबर त्याच्याखाली शिरलं. घोरपडीने त्याला उचललं, ढकलत नेलं आणि भिंतीवर आदळून उताणं पाडलं. तो चाकं हवेत फिरवत राहिला. पंचांनी दहा आकडे मोजले आणि हॉल दणाणला.

अमित हात मिळवायला आला. "भारी चालवलंस गं. मला नसतं जमलं." तिला ते ऐकून अमितबद्दलही बरं वाटलं.

दुसऱ्या फेरीत वायर नीट जोडूनही कल्याणच्या एका रोबोने घोरपडीचा पार भुगा केला. राजसीला त्याचंही काही वाटलं नाही. दोघं कॉलेजच्या पायऱ्यांवर तुटकं पातं मांडीवर घेऊन बसली. ऊन-पाऊस दोन्ही चाललं होतं.

"हात मागे का बांधलेस?" तिने विचारलं.

"बांधले नसते तर रिमोट हिसकावला असता. चूक माझी होती, उपाय मला ठाऊक होता..."

"मग घ्यायचा होतास."

"नाही." तो पायरीवरच्या थेंबांकडे बघत बोलला. "हरलो असतो तरी चाललं असतं. पण रिमोट घेतला असता, तर तू आयुष्यभर म्हणाली असतीस, यानेही तेच केलं. ते मला नसतं सोसलं."

राजसी त्याच्याकडे वळली. "किती वर्षं म्हणालास?"

"काय?"

"आत्ता म्हणालास ना. किती वर्षं मी तुला ऐकवत बसणार?"

त्याच्या लक्षात आलं. कान तापले, डावा गाल वर गेला, शब्द मात्र फुटेना. राजसीने जरा वाट पाहिली. मग म्हटलं, याच्या भरवशावर राहिलं तर पुढचा दसरा उजाडेल!

"सम्यक, मला तू आवडतोस. खूप. तो हात मागे घेतलास ना, तेव्हा तर..." तिने तुटक्या पात्यावरून बोट फिरवलं. "तेव्हा तर जिंकायचंही विसरले होते मी, क्षणभर."

"मला तू उल्हासनगरलाच आवडली होतीस," तो हळूच म्हणाला. "तुझ्या पिशवीतली मोटर मागून घेता आली असती. पण मग तू गेली असतीस ना."

राजसीने पातं बाजूला ठेवलं आणि त्याचा हात हातात घेतला. पाऊस वाढला, लोक आत पळाले, आणि ती दोघं तिथेच भिजत बसून राहिली.