कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी

उत्तर रशियातल्या पिनेगा नदीकाठच्या त्या गावात हिवाळ्याची तयारी म्हणजे लाकडं रचणं, कोबी आंबवणं आणि खिडक्या बंद करणं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी रिम्माने पिठाची खळ शिजवली, जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कापल्या आणि माळ्यावरून काचेच्या जादा चौकटी खाली आणल्या. घर जुनं, ओंडक्यांचं. बाहेरची काच, मधे वीतभर पोकळी, पोकळीत कापूस, मग ही आतली काच आणि सगळ्या फटींवर खळीने कागद. एवढं केलं की वसंतापर्यंत वाऱ्याने कितीही डोकं आपटावं.

रिम्मा आणि तिचा नवरा गेन्नादी उन्हाळ्यातच इथे राहायला आले होते. तो घोड्याच्या बर्फगाडीतून नदीपलीकडच्या वस्त्यांवर टपाल पोचवायचा. त्यांची लेक लिदा अजून बसायलाही शिकली नव्हती आणि छातीने फार नाजूक होती. थंड वाऱ्याची एक झुळूक लागली की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागे.

शेजारची पराशामावशी मदतीला आली होती.

"खळ आहे की रस्सा?" भांड्यात डोकावून ती म्हणाली. "मीठ टाक थोडं, पाहुण्यांना वाढता येईल."

तोंड चालू असलं तरी तिचे हात झपाट्याने पट्ट्या चिकटवत होते. कोपऱ्यातल्या खोलीत मात्र ते थांबले.

"ही राहू दे."

"अहो, लिदाचा पाळणा इथेच आहे. सगळ्यात जास्त वारा इथूनच येतो."

"पाळणा हलव मग."

"कुठे हलवू? भट्टीची ऊब या भिंतीलाच लागते."

मावशी स्टुलावर बसली. एप्रनला हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.

"हे सावातीचं घर. लढाईच्या वर्षांत तो नदीवर मासे धरायला जायचा. त्याची बायको, उस्तिन्या, ही खिडकी कधी बंद करायची नाही. वादळात त्याची हाक ऐकू यावी म्हणून. एका हिवाळ्यात पोराला खोकला लागला, तेव्हा तिने बंद केली. अगदी नीट, कापूस ठासून. नेमका त्याच हिवाळ्यात, एका वादळात तो परत आला. दार बर्फाने गाडलेलं. इथे येऊन काच ठोकली असेल, हाका मारल्या असतील... आत काही ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी या खिडकीखाली सापडला. बसलेला."

"आणि पोर?"

"तेही नाही राहिलं."

पाळण्यात लिदा खोकली. जाताना मावशी उंबऱ्यात थांबली.

"बंद करशील तर कर, पोरी. पण मग कोणी हाक मारली तरी वसंतापर्यंत उघडू नकोस. कोण आत येईल, सांगता येत नाही."

रिम्माने खिडकी बंद केली. आई होती ती, दुसरं काय करणार. कापूस दाबून भरला, पट्टीवर पट्टी चिकटवली. लिदाचा खोकला खरंच उतरला. फक्त कधीकधी सकाळी दोन काचांच्या मधल्या पोकळीत, जिथे कोणाचा श्वास पोचायचा नाही तिथे, तोंडाएवढा वाफेचा ठिपका दिसे. ती आतून काच पुसायची. ठिपका पुसला जात नसे.

डिसेंबरात जेवणं उरकतात तोवर बाहेर काळोख होतो. अशाच एका दुपारी वादळ उठलं. गेन्नादी पहाटेच टपाल घेऊन गेला होता. रिम्मा दिव्याशी बसून मोजे विणत होती आणि दर टाक्याला दाराकडे बघत होती.

कोपऱ्यातल्या खोलीतून टकटक ऐकू आली.

दिवा घेऊन ती गेली. काच पांढरी झाली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पुन्हा टकटक. हळू, बोटांच्या पेरांनी केल्यासारखी.

"गेना?"

"उघड..." कापसातून यावा तसा आवाज. "गारठलोय गं..."

"दाराशी ये ना. कडी काढलेलीच आहे."

बराच वेळ नुसता वारा. मग अगदी काचेला तोंड लावून कोणी बोलावं तसं आलं, "दार सापडत नाही..."

ती धावत दाराकडे गेली. दार ढकललं, पण बाहेर बर्फाचा ढीग लागला होता, बोटभरसुद्धा हललं नाही. ती परत खिडकीशी आली. आवाज गेन्नादीचा होता? होता. नव्हताही. गेन्नादी असेल आणि आपण उघडलं नाही, तर? आणि तो नसेल, आणि उघडलं, तर? पाळण्यात लिदा जागी झाली होती. रडत नव्हती, खिडकीकडे टक लावून बघत होती.

रिम्माने तिला उचलून स्वयंपाकघरात भट्टीजवळच्या टोपलीत ठेवलं आणि पाव कापायची सुरी आणि कुऱ्हाड घेऊन आली. पट्ट्या टराटरा फाडल्या. चौकट ओढून काढली, कापूस खाली पडला. बाहेरच्या खिडकीची गोठलेली कडी कुऱ्हाडीच्या पाठीने हाणून उघडली.

खिडकीखाली कोणी नव्हतं. बर्फ सपाट, एक खूण नाही.

पण उघड्या खिडकीतून दुसरा आवाज आत आला. घोड्याच्या गळ्यातली घंटा. दूर, खाली, भलतीकडेच. जिथे झऱ्याच्या पाण्यामुळे नदीवरचा बर्फ पातळ राहतो, तिकडे चाललेली.

तिने धावत जाऊन तवा आणला, दिवा खिडकीबाहेर धरला, दुसऱ्या हाताने तवा चौकटीवर बडवला आणि घसा फाटेपर्यंत नवऱ्याला हाका मारल्या. घंटा थांबली. मग हळूहळू जवळ येऊ लागली.

गेन्नादी खिडकीतूनच आत आला. भुवयांवर बर्फ, बोटं पांढरी पडलेली. तिने त्याच्या हातांना बदकाची चरबी चोळली, फडकी गुंडाळली आणि खिडकीच्या भगदाडाला गोधडी अडकवली. ती रात्र तिघांनी भट्टीपाशी काढली.

सकाळी, लिदाला कडेवर घेऊन, ती खिडकीचं काय करायचं ते बघायला गेली.

गोधडी घडी करून स्टुलावर ठेवलेली होती. चौकट जागेवर होती, पोकळीत कापूस होता आणि सगळ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या. खळ अजून ओली होती. तिच्यावर रुंद बोटांचे ठसे उमटले होते. घरात शिजवलेली खळ नव्हती, आणि भट्टीजवळ झोपलेल्या गेन्नादीची दहाही बोटं फडक्यात होती.

दुपारी दारातला बर्फ उपसून पराशामावशी आली. रिम्माने तिला सगळं सांगितलं. मावशीने खोलीत नुसतं डोकावलं. उंबरा ओलांडला नाही.

"आतून चिकटवलीय," ती हळूच म्हणाली.

"हो."

"मग तो आता बाहेर नाही." तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि निघून गेली.

रिम्मा तिथेच उभी राहिली. खोली कधी नव्हे इतकी उबदार होती. एवढ्यात कडेवरची लिदा हसली आणि खिडकीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे झेपावली, दोन्ही हात पसरून, कोणीतरी 'ये' म्हणून बोलावल्यासारखी.